उतारू

भाच्यानं यॉर्कशायरहून फोटो पाठवला.
टेकडीवर किल्ला, खाली गवत,
न्हाव्यानं मशीन फिरवल्यासारखं सारखं.
गुलाबाच्या प्रत्येक झाडाला नावाची पाटी,
आणि सूनबाईच्या हातात तिकीट.
मी बोटांनी फोटो ताणून
तिकीटच पाहिलं आधी.
सव्वीस पौंड, दोघांचे.
जुनी खोड.

एकतीस वर्षं अमळनेर डेपो.
चामड्याची पिशवी, चिमटा, कानामागे पेन.
पारोळा, कासोदा, एरंडोल, धरणगाव
ही सगळी पायरीवरून ओरडायची नावं,
सुटे नसले की खेकसायची नावं.
मी कुठे उतरलो नाही कधी.
सात मिनिटं थांबा,
बशीतला चहा, दोन बेल.

कौतिका म्हणाली, मग चला ना.
तिनं दशम्या बांधल्या, शेंगदाण्याची चटणी,
मी इस्त्रीचा शर्ट.
बाईमाणूस म्हणून तिचं अर्धं,
म्हातारा म्हणून माझं अर्धं.
चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात
दोघांत मिळून एक फुल तिकीट
हे पहिल्यांदाच.

पारोळ्याचा किल्ला बाजारातच उभा आहे.
खंदकाच्या कडेला भरताची वांगी,
प्लास्टिकच्या घागरी, चपलांचे ढीग,
आणि मधेच एवढा मोठा दरवाजा, उघडा.
खिडकी नाही. माणूस नाही.
मी पैसे मुठीत धरून थांबलो.
"तठे तिकीट लागस," कौतिका म्हणाली,
"आठे काबर नही?"
मला सांगता येईना.
विनातिकीट आत शिरताना
मानेवर कुणाचे तरी डोळे.

आत बाभळी. बकरी.
बुरुजाच्या सावलीत एक पोरगा
पोलीस भरतीचं पुस्तक पाठ करत होता,
ओठ हलवत, आमच्याकडे न बघता.
कौतिका गुडघा धरत धरत तटावर गेली
आणि वरून ओरडली,
"अहो, तुमचं स्टँड दिसतंय!"
दिसत होतं.
माचिसच्या पेटीएवढी लाल गाडी रिव्हर्स घेत होती.
म्हणजे तिथूनही हे दिसत असणार.
मी तेव्हा नोटा मोजत असायचो.

कासोद्याहून रिक्षा, फरकांड्याला.
झुलते मनोरे म्हणतात. होते दोन.
एक हलवला की दुसरा हलायचा,
असं रिक्षावाला सांगत होता,
त्याच्या आजोबांनी पाहिलेलं, म्हणे.
आता एकच उभा आहे.
वर जायचं नाही.
मी या बाजूनं विटांवर तळवा टेकला,
ती पलीकडे गेली, दिसेनाशी झाली.
"हललं का?"
"नाही."
बराच वेळ काही नाही. चिमण्या.
मग तिकडून, हळूच,
"मनाकडे जरासं हालनं."

एरंडोलला नगरपालिकेची बाग,
गेटला कुलूप, उघडण्याची वेळ पाच.
आमची गाडी चार चाळीसची.
गजांतून पाहिली:
कोरडं कारंजं, सिमेंटचा हरिण एका शिंगाचा,
कण्हेर, कोरांटी, लाल धूळ.
पाइप धरलेला माळी बघत होता आम्हाला.
काही न बोलता त्यानं
पिवळ्या कोरांटीची काडी मोडली
आणि गजांतून दिली तिला.
"काय द्यायचं?" मी खिशाकडे हात नेला.
त्यानं पाणी दुसऱ्या आळ्यात वळवलं.

परतीच्या गाडीत काडी पाण्याच्या बाटलीत उभी,
कौतिका झोपलेली, तोंड किंचित उघडं.
भाच्याला काय पाठवू?
तटावरचा तिचा फोटो आहे,
पण त्यात माझं बोट आलंय अर्धं.
बाहेर कापूस, मग केळी, मग नुसता अंधार.

कंडक्टर पोरगा ओरडला,
"पारोळा! पारोळावाले उतरा!"
चुकीचं ओरडला.
पारोळ्यातला 'रो' थोडा ओढायचा असतो,
मागच्या सीटवरच्या झोपलेल्याला ऐकू जाईल इतका.
मी सांगणार होतो त्याला.
मग वाटलं, असू दे,
त्यानं अजून पाहिलेलं नाही.